एका वाताकर्षकाचा जीर्णोद्धार

जीर्ण देवळाचा उद्धार करणारास नवें देऊळ बांधणाराहून अधिक पुण्य लागतें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कोंकणांत तर गांवोगांव वर्गणी काढून देवळांचीं कौलें आणि वासे बदलण्याचें काम सतत चाललेलें असतें. परंतु हा उत्साह देवळाच्या पायरीशींच थांबतो. घरांतील जातें, विहिरीवरचा रहाट, शाळेंतील यंत्र यांची पाळी आली म्हणजे आपण भंगारवाल्यास हांक मारतों. हांक मारण्यांत वाईट कांहीं नाहीं. ज्याचें काम संपलें त्यानें जावें हें खरें. मात्र काम खरोखर संपलें आहे कीं नाहीं, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. तशी तसदी आम्हां तिघांना यंदाच्या उन्हाळ्यांत घ्यावी लागली, तिची ही हकीकत आहे.

रत्नागिरींतील एका शाळेच्या प्रयोगशाळेंत हवा ओढणारा एक जुना पंप कित्येक वर्षें पडून होता. त्यास रोटरी व्हॅक्यूम पंप म्हणतात. आम्ही त्यास वाताकर्षक म्हणत आलों आहों. ओतीव लोखंडाचा काळा देह, बाजूस मोठी पुली, शेजारीं मोटार, दोहोंस जोडणारा पट्टा, आणि वजन असें कीं दोन माणसांनीं उचलावें. खाऱ्या हवेनें नांवाच्या पट्टीवरील अक्षरें खाऊन टाकलीं होतीं. पुलीवरचा दिशादर्शक बाण तेवढा शिल्लक होता. मे महिन्यांत ती खोली संगणकांकरितां मोकळी करावयाचें ठरलें, आणि निरुपयोगी वस्तूंच्या यादींत हें यंत्रही चढलें. आम्हीं रदबदली केली तेव्हां मुख्याध्यापिकाबाईंनीं सरळ उत्तर दिलें: १५ जूनला शाळा उघडते, त्यापूर्वीं चालून दाखवील तर राहील, न पेक्षां वजनावर जाईल. उत्तर योग्यच होतें. खोली तेवढीच आणि मुलें वाढलेलीं. नुसत्या जुनेपणासाठीं जागा अडविण्याचा हक्क कोणत्याच वस्तूला नाहीं.

संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरानें या भानगडींत कां पडावें, असें घरांतील मंडळींनींही विचारलें. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसानें शास्त्राच्या वाटेस जाऊं नये असा कांहीं नियम नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित मॅट्रिकच होते, पेशानें शिक्षकच होते, आणि १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावांचून आजही त्या विषयाच्या अभ्यासकाचें चालत नाहीं. आमची योग्यता त्यांच्या पायरीचीही नाहीं. पण कुतूहलाला पदवी लागत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें. शिवाय या यंत्राशीं आमचें एक जुनें भांडण अडकलेलें होतें.

तें भांडण असें. आमचे विज्ञानशिक्षक सहकारी, ज्यांना सारी शाळा अण्णा म्हणे, ते दरवर्षीं आठवीच्या मुलांना घंटेचा प्रयोग दाखवीत. पितळी तबकडीवर कांचेची हंडी, हंडींत टांगलेली विजेची घंटा, आणि खालून हा पंप लावलेला. हवा निघूं लागली म्हणजे घंटेची काठी हालतांना दिसे, पण आवाज विरत जाई. आम्ही मागच्या बांकावर बसून तो पाहत असूं, कारण तर्कसंग्रह शिकलेल्या माणसाच्या तो वर्मीं लागणारा आहे. नैयायिकांच्या मतें शब्द हा आकाशाचा गुण. आणि आकाश तर एक, नित्य व सर्वव्यापी. तें हंडींतून कोणता पंप बाहेर काढणार? आणि तें आंत असेल तर शब्द कां मावळतो? "शास्त्रीबोवा, तुमच्या कणादांना एकदां या बांकावर आणून बसवा," असें अण्णा म्हणत. त्यावर आमचें उत्तर ठरलेलें असे: "कणादांना राहूं द्या, तुमची घंटा अगदीं बंद कोठें होते? कान देऊन ऐका." आणि खरेंच, बारीक किणकिण राहतच असे. अण्णा तिचा दोष टांगणीच्या तारेस देत, आम्ही कणादांची बाजू सोडीत नसूं. पुढें पंप अडकला, प्रयोग बंद पडला, दोघेही निवृत्त झालों, आणि वाद तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वीं अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग गेलें. बोलणें सावकाश झालें. बुद्धि आणि कान मात्र शाबूत आहेत. जन्मभर हंड्यांतून वायु हांकलला त्याचा त्यानें सूड घेतला, असें ते स्वतःच म्हणतात. खालच्या आळींतील घरीं ते खाटेवर पडून असतात. यंत्र भंगारांत जाणार हें आम्हीं त्यांना सांगितलें तेव्हां ते कांहीं वेळ बोलले नाहींत, मग म्हणाले, "पुली हातानं फिरते का, तेवढं बघून या."

तिसरा गडी आमचा एक जुना विद्यार्थी. संस्कृतांत तो कधीं काठावरच्या गुणांपुढें गेला नाहीं. आज फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रें दुरुस्त करणारा तो नांवाजलेला मेस्त्री आहे आणि मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतींत त्याला नेहमीं बोलावणें असतें. फ्रीजच्या नळ्यांत वायु भरण्यापूर्वीं आंतील हवा व ओल ओढून घ्यावी लागते, नाहीं तर ओलीचा बर्फ होऊन बारीक नळी तुंबते; त्यामुळें असलाच एक लहान पंप त्याच्या पिशवींत सदैव असतो. हात त्याचे, डोकें अण्णांचें, आणि मध्यें मोबाईल धरून दिसेल तें सांगणारे आम्ही, अशी वांटणी झाली.

यंत्राची रचना सांगितल्यावांचून पुढचें कळणार नाहीं. एक पोकळ दंडगोल. त्याच्या पोटांत लहान भरीव रूळ, परंतु मधोमध नव्हे, एका अंगास सरकवून असा बसविलेला कीं वरच्या बाजूस तो भिंतीला जवळजवळ टेकतो. तेथील फट केंसाच्या जाडीहूनही कमी, आणि ती तेलानें भरलेली. रुळाला आरपार खांच. खांचेंत दोन पातीं. दोहोंमध्यें स्प्रिंगा, ज्या पात्यांना बाहेर रेटतात. रूळ फिरूं लागला कीं पातीं भिंतीस घासत फिरतात. एका बाजूची पोकळी मोठी होत जाते, तींत हंडींतली हवा शिरते. मागून येणारें पातें त्या हवेला कोंडतें, दाबतें आणि तेलांत बुडालेल्या झडपेंतून बाहेर लोटतें. एका फेऱ्यांत असें दोनदां. सतराव्या शतकांत माग्देबुर्गच्या गेरिकनें आणि १६५९ च्या सुमारास बॉइल व हूक यांनीं जे वाताकर्षक केले, ते पिचकारीप्रमाणें दट्ट्याचे होते व हातानें ओढावे लागत. विसाव्या शतकाच्या आरंभीं फिरते पंप आले. वोल्फगांग गेडे या जर्मन शास्त्रज्ञाचें त्यांत मोठें अंग आहे.

प्रथम मोटार. बटण दाबलें कीं ती नुसती गुणगुणे. पट्टा काढला तरी तेंच. मेस्त्रीनें कंडेन्सर बदलतांच ती मोकळी फिरूं लागली. हें काम अर्ध्या तासाचें. पंपाची पुली मात्र रेसभरही हालेना. मेस्त्रीनें लांब पान्हा काढला तो अण्णांनीं फोनवरून थांबविला. "जोर केलास तर पातं मोडेल, आणि मोडलेलं पातं भिंत खरवडेल. मग तें खरंच भंगार." त्यांनीं सांगितलेला उपाय घरगुती होता: हवेच्या तोंडांतून वाटीभर रॉकेल ओतावें, तीन दिवस मुरूं द्यावें, आणि सकाळ-संध्याकाळ पुली हलक्या हातानें पुढें-मागें करून पाहावी. रॉकेल आतां दुकानांत सहज मिळत नाहीं. तें मिरकरवाड्यांतील एका ओळखीच्या होडीवाल्याकडून आणावें लागलें. चौथ्या दिवशीं सकाळीं पुली चतकोर फिरली, दुपारीं पुरती फिरली. खालचें बूच काढल्यावर आधीं पाणी आलें, मग गंजाचा लाल गाळ, आणि शेवटीं काकवीसारखें काळें कांहींतरी, ज्याला तेल म्हणणें धाडसाचें होतें.

पंपाचें तेल वेगळें असतें. मोटारीचें तेल घातलें तर त्यांत मिसळलेलीं द्रव्यें पोकळी मिळतांच वाफ सोडूं लागतात, आणि हवा काढून तिच्या जागीं तेलाची वाफ भरल्यासारखें होतें. मेस्त्रीजवळ योग्य तेल होतें. तें भरून, तडकलेली रबरी नळी बदलून, पंप हंडीला आणि पाऱ्याच्या आंखूड नळीला जोडला. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांइतका. ती नळी अगदीं खालचा भाग तेवढा मोजते. पारा खालीं आला आणि ४० वर येऊन थांबला तो थांबलाच.

मेस्त्रीचें मत, कोठेंतरी गळती आहे. अण्णांनीं पंप व हंडी यांमधील कॉक बंद करून दहा मिनिटें पारा पाहण्यास सांगितलें. चढत राहिला तर गळती हंडीकडची, नाहीं तर दोष पंपाच्या पोटांत. पारा हालला नाहीं. तेव्हां ते म्हणाले, "शास्त्रीबोवा, हा आकडा नीट बघा. ३४ अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब एवढाच असतो. तुम्ही हवा ओढत नाहीं, अरबी समुद्र ओढताय." बूच काढून पाहिलें तों तासापूर्वींचें स्वच्छ तेल ताकासारखें पांढरें झालेलें!

हा दोष यंत्राचा थोडा आणि रत्नागिरीचा अधिक. ज्येष्ठांतली येथली हवा म्हणजे अर्धें पाणीच, असें सुकत घातलेल्या पापडांवर डोळा ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारावें. पंपांत हवा दाबली जाते तेव्हां ती झडप उघडून निघून जाते. वाफ मात्र झडप उघडण्याच्या आधींच दाबानें पाणी होते, तेलांत मिसळते, पुन्हां पोकळ बाजूस येऊन वाफ होते, आणि अशी आंतल्या आंतच प्रदक्षिणा घालीत राहते. गेडेनेंच १९३५ त यावर तोड काढली. दाबाच्या वेळीं एका छिद्रांतून थोडी बाहेरची हवा मुद्दाम आंत सोडावयाची, म्हणजे झडप लवकर उघडते आणि वाफेला पाणी होण्यास सवडच मिळत नाहीं. हवा काढण्याच्या यंत्रांत हवा सोडून तें सुधारणें, ही कल्पना आम्हांस फार आवडली. आमच्या पंपाला तें छिद्र नव्हतें. म्हणून वाटेंत सिलिका जेलची बाटली बसविली, पंप नुसताच तापेपर्यंत चालविला, आणि तेल दोनदां बदललें. "पाणी त्याला दाखवूंसुद्धां नका," अशी अण्णांची ताकीद होती. पारा १२ वर आला व पुन्हां अडला.

आतां पुढची परीक्षा त्यांनीं आमच्याकडूनच करविली, आणि ती इतकी साधी आहे कीं येथें नोंदवून ठेवतों. पट्टा काढून पुली हातानें अगदीं सावकाश बाणाच्या दिशेनें फिरवावी आणि झडपेवरच्या तेलांत बुडबुडे पाहावे. एका फेऱ्यांत दोन सारखे बुडबुडे यावयास पाहिजेत. आमच्या येथें एक चांगला टपोरा येई आणि दुसरा फुसका. याचा अर्थ एक पातें काम करीत होतें, दुसरें नुसतें बरोबर फिरत होतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको.

जूनच्या पहिल्या रविवारीं यंत्र उघडलें. टेबलावर आमचें जुनें मऊ धोतर पसरलें. निघेल तो स्क्रू ज्या क्रमानें निघाला त्या क्रमानें मांडला, आणि वहींत आकृति काढून प्रत्येकास आंकडा दिला. काळ्या तेलाचें रोगणासारखें पुट चढून एक पातें खांचेंत चिकटलेलें होतें. दोनपैकीं एक स्प्रिंग मोडलेली, झडपेची पातळ पोलादी पट्टी तडकलेली, आंसावरचें ऑईल सील लांकडासारखें कडक. पण भिंत! मेस्त्रीनें विजेरी धरली आणि आम्ही वाकून पाहिलें. भिंतीवर ओरखडा नव्हता. ज्या कोणी हें यंत्र घडविलें त्याला आम्हीं मनांतून नमस्कार केला. सील मोटारसायकलीच्या सुट्या भागांच्या दुकानांत बरोबर मापाचें मिळालें. झडप फिलर गेजच्या पट्टींतून कापली. स्प्रिंगा दोन्ही बदलल्या, कारण एक जुनी एक नवी ठेवली तर पात्यावरचा रेटा वांकडा पडतो. सारे भाग रॉकेलनें धुतले, आणि रॉकेलचा अंशही राहूं नये म्हणून वर पेट्रोल फिरविलें. पॉलिश पेपर त्या खोलींत आणण्यासही बंदी होती.

बसवितांना एक खडाजंगी झाली. झांकणाखालीं मेस्त्री कागदी गॅसकेट घालूं लागला. तेल गळूं नये हा त्याचा हेतु. अण्णा ऐकेनात. मूळचें झांकण लोखंडावर लोखंड बसणारें होतें. कागदाच्या जाडीनें रुळाच्या दोन्ही टोंकांशीं फट वाढली असती आणि ती तेलाला भरतां आली नसती. मेस्त्री म्हणाला, "सर, वीस वर्षं हेच काम करतोय." अण्णांचा आवाज फोनमधून आला: "बाळा, तूं नळीतली हवा काढतोस. मला घंटेतली काढायची आहे." कागद राहिला. तेल थोडें पाझरतें. त्याखालीं आम्हीं एक परात ठेवली आहे.

११ जूनला संध्याकाळीं बटण दाबलें. पंप आधीं गुळण्या केल्यासारखा वाजूं लागला, तोंडांतून धुरासारखी तेलाची वाफ आली. मोबाईल पंपाजवळ धरून आम्ही तिघेही गप्प होतों. चार-पांच मिनिटांनीं गुळण्या थांबल्या आणि कोरडी, एकसारखी टकटक सुरू झाली. आम्हांस वाटलें, कांहीं मोडलें. अण्णा म्हणाले, "नाहीं, आतां हवा संपली, तें नुसतं तेल झडपेवर आपटतंय." पाऱ्याच्या नळीकडे पाहिलें. दोन्ही भुजांतील पारा एका रेषेंत. चष्मा पुसून पाहिलें तरी फरक दिसेना. म्हणजे १ मिलिमीटराच्याही खालीं.

शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यांत आठवीचा वर्ग तेथें भरला. पहिला प्रयत्न पावसानें बुडविला. पत्र्यावर अशी सर कोसळत होती कीं हंडीबाहेरचीही घंटा कोणास ऐकूं येईना. तासाभरानें उघडीप झाली. घंटा या वेळीं तारेऐवजीं रबरी दोऱ्यांवर टांगली होती. पंप चालूं झाला, आवाज दूर गेल्यासारखा होत होत नाहींसा झाला, काठी मात्र आपली हालतेच आहे. मग कॉक बंद करून पंपही थांबविला, आणि त्या शांततेंत चाळीस मुलें काठीकडे पाहत राहिलीं. पुढच्या बांकावरील एका मुलीनें उठून पितळी तबकडीला कान लावला आणि म्हणाली, "अजून थोडी येते."

कान जुनाच, फक्त डोकें नवें! हीच किणकिण ऐकून सतराव्या शतकांत रोमच्या किर्शरनें ठरविलें होतें कीं असल्या नळींत पोकळी होतच नाहीं. बॉइलनें १६६० च्या सुमारास घड्याळ दोऱ्यानें टांगून टिकटिक मावळते हें दाखविलें. तेव्हां टांगणीचा दोष सांगणारे अण्णा बरोबर होते. पण त्यांनींच त्या दिवशीं फोनवरून मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली, जी पुस्तकांत बहुधा नसते. १ मिलिमीटर दाबालाही एका घनसेंटिमीटरांत हवेचे तीन कोटी अब्जांहून अधिक रेणु शिल्लक असतात, आणि त्यांतून आवाज थोडाबहुत जाऊं शकतो. मग तो ऐकूं कां येत नाहीं? कारण इतकी विरळ हवा कांचेच्या जड भिंतीला हालवूं शकत नाहीं. आवाजाचा मार्ग पुष्कळसा भिंतीशीं तुटतो.

म्हणजे कणाद जिंकले असें नव्हे. या प्रयोगानें नाहीं तरी इतर अनेक प्रयोगांनीं शब्दाला वाहून नेण्यास कांहीं द्रव्य लागतें हें ठरलेलें आहे, आणि आकाशाच्या गुणाची कल्पना सोडावी लागते. पण मुलांना आम्हीं हेंही सांगितलें कीं आपल्याकडे या प्रश्नावर एकच मत नव्हतें. मीमांसकांनीं ध्वनीचें कारण वायूच्या संयोग-विभागांत शोधलें. शिक्षाग्रंथांनीं उच्चाराचें मूळ शरीरांतील वायूंत पाहिलें. आणि नैयायिकांनाही शब्द तरंगांसारखा पसरतो हें सुचलें होतें, त्यासाठीं ते पाण्यावरच्या लाटेचा व कदंबाच्या फुलाचा दृष्टांत देत. त्यांच्याजवळ तर्क होता, कान होता, हंडी नव्हती. अण्णांनीं हें सारें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "पंचवीस वर्षांपूर्वीं हें मला सांगतां तर एवढं भांडलों नसतों." हें अर्थात् खरें नाहीं. ते भांडलेच असते.

शेवटीं हवा आंत सोडावयाची होती. प्रथम पंपाच्या तोंडाची, नाहीं तर पोकळी तेलाला उलट हंडींत ओढून घेते, मग हंडीची. मेस्त्री कॉकला हात लावतो तोंच फोनमधून आवाज आला, "हळू उघड." फुस्स करून हवा शिरूं लागली आणि घंटा जणूं बाजारपेठेच्या पलीकडून धांवत येत असल्याप्रमाणें मोठी मोठी होत गेली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. फोन आमच्या हातांत होता. त्यांतून कांहीं वेळ घंटेचाच आवाज परत येत होता, दुसरें कांहीं नाहीं.

यंत्राचें नांव डेडस्टॉक रजिस्टरांत पुन्हां चढलें आहे, आणि संगणकांच्या खोलींतील एक कोपरा त्यास मिळाला आहे. तेल वर्षांतून एकदां, पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास, शस्त्रपूजेच्या आधीं बदलावयाचें असें ठरलें. त्या तेलाचा खर्च कोणत्या खात्यांत टाकावा हें अद्याप ठरलेलें नाहीं. यंदाची बाटली मेस्त्रीनें दिली. मोडकी स्प्रिंग अण्णांनीं मागून घेतली, ती त्यांच्या खाटेजवळ औषधांच्या डबींत आहे.